चंबळच्या वाळूवरचा संसार

जगात आज जेवढे घडियाल, म्हणजे लांब, अरुंद जबड्याचे मगरीचे भाऊबंद, मोकळ्या नदीत जगतात, त्यांतले बहुतेक एकट्या चंबळमध्ये आहेत. उरलेले गिरवा, गंडक, रामगंगा आणि नेपाळच्या राप्ती-नारायणीत विखुरलेले. लाल डोक्याच्या बटागुर कासवाची जगातली सर्वांत मोठी वस्ती चंबळमध्येच आहे. नदीच्या वाळूवर अंडी घालणारा पाणचिरा भारतात ज्या मोजक्या ठिकाणी मोठ्या संख्येने वीण करतो, त्यांत चंबळचं नाव वरचं. गंगेचा डॉल्फिन इथे आहे, पाणमांजरं आहेत, सारस आहेत, हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब आणि चक्रवाक आहेत. पर्यटनाच्या पत्रकांत ही यादी अभिमानाने छापतात. मला ती वाचताना काळजी वाटते. इतक्या जातींचं भवितव्य एकाच नदीवर येऊन ठेपलं, याचा अर्थ बाकीच्या नद्या त्यांच्या हातून गेल्या. आणि ज्या कारणांनी त्या गेल्या, ती सगळी कारणं आता चंबळच्या काठावर येऊन उभी आहेत.

घडियाल वाचवण्याच्या सरकारी प्रयत्नांना २०२५ साली पन्नास वर्षं झाली. या काळात आपण अंडी उबवायला शिकलो, पिल्लं वाढवून नदीत सोडायला शिकलो, नेमाने मोजदाद करायला शिकलो. पात्रात पाणी आणि काठावर वाळू राखणं मात्र अजून जमलेलं नाही. चंबळच्या वन्यजीवांचा प्रश्न कुठल्याही टोकाने उलगडायला घ्या, तो या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतो.

इंदूरजवळ महूच्या बाजूला जानापाव नावाचा डोंगर आहे. विंध्याच्या या माथ्यावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे निघते. माळव्याचं पठार ओलांडून ती राजस्थानात शिरते, कोट्यापर्यंत खोल खडकाळ घळईतून वाहते आणि कोट्यानंतर मैदानात उतरते. तिथून पुढे बराच काळ ती राजस्थान आणि मध्य प्रदेशाची सीमा होते, त्यानंतर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाची. सुमारे ९६० किलोमीटरचा प्रवास संपवून इटावा जिल्ह्यात ती यमुनेला मिळते. शेवटच्या काही शे किलोमीटरमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना बीहड आहेत. पावसाच्या पाण्याने गाळाची माती कोरून केलेल्या घळींचं हे जाळं इतकं दाट आहे की, त्यात बैलगाडीचा रस्तासुद्धा सरळ जात नाही.

मुंबई-पुण्याहून पंजाब मेल किंवा झेलम एक्स्प्रेसने दिल्लीकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी ही नदी पाहिलेली असते, बहुधा तिच्याकडे लक्ष न जाता. मुरैना मागे पडलं की जमीन अचानक फाटल्यासारखी दिसू लागते, गाडी एका लांब पुलावर चढते आणि खाली स्वच्छ, हिरवट निळं पाणी आणि पांढुरकी वाळू दिसते. पलीकडे धोलपूर. हिवाळ्याच्या दुपारी खिडकीशी बसलात तर त्या वाळूवर पडलेल्या काही ओंडक्यांकडे नीट पाहा. त्यांतला एखादा घडियाल असण्याची शक्यता बरीच आहे.

या नदीचं पाणी अजून स्वच्छ का, याचं लोकप्रिय उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. रंतिदेव राजाने केलेल्या यज्ञांत बळी दिलेल्या जनावरांच्या कातड्यांतून वाहिलेल्या प्रवाहाची ही नदी झाली, म्हणून ती चर्मण्वती. कालिदासाच्या मेघदूतातही रंतिदेवाच्या कीर्तीशी तिचं नातं जोडलेलं आहे. काठावरच्या लोककथेत त्याला द्रौपदीच्या शापाची जोड मिळते. नदी शापित, म्हणून तिच्या काठी तीर्थक्षेत्रं झाली नाहीत, घाट बांधले गेले नाहीत, शहरं वसली नाहीत, आणि म्हणून ती वाचली.

ऐकायला ही गोष्ट छान आहे, पण ती अर्ध्याच नदीला लागू पडते. चंबळच्या वरच्या अंगाला नागद्यासारखं रासायनिक कारखान्यांचं गाव आहे, रावतभाट्याचा अणुऊर्जा प्रकल्प आहे आणि दहा लाखांवर वस्तीचं कोटा शहर आहे. तिथे शापाने काही अडवलं नाही. खालचा पट्टा वाचला तो बीहडांमुळे. काठाशी शेती करणं अवघड, रस्ता बांधणं महाग, आणि विसाव्या शतकाचा बराच काळ डाकूंची भीती. विनोबा भावे १९६० च्या मे महिन्यात भिंड-मुरैनाच्या याच भागात पायी फिरले आणि त्यांच्यापुढे वीसेक डाकूंनी शस्त्रं ठेवली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या प्रयत्नांतून जौऱ्याला मोठं आत्मसमर्पण झालं. त्यानंतरही १९८० च्या दशकापर्यंत या पट्ट्यात गुंतवणूक करायला कुणी सहसा धजावलं नाही. भीती ओसरली, रस्ते आले, आणि त्या रस्त्यांवरून वाळूचे ट्रॅक्टरही आले. माणसाची भीती हे निसर्गरक्षणाचं साधन असू शकत नाही. शापाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना आपण हे विसरतो, की नदीचं रक्षण कुणीतरी जाणीवपूर्वक करावं लागतं.

ते जाणीवपूर्वक रक्षण सुरू झालं १९७० च्या दशकात. कातड्यासाठी शिकार, अंडी पळवणं, जाळ्यात गुदमरून होणारे मृत्यू आणि धरणं यांमुळे घडियाल संपत आला होता. १९७४ मध्ये अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ एच. आर. बस्टर्ड यांनी पाहणी केली, तेव्हा सगळे मिळून दोनशेही घडियाल उरले नसल्याचं दिसलं. १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला. लखनऊजवळ कुकरैलला आणि पुढे मुरैनाजवळ देवरीला अंडी उबवून पिल्लं वाढवण्याची केंद्रं उभी राहिली. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या हद्दीतला नदीचा पट्टा संरक्षित केला आणि राष्ट्रीय चंबळ अभयारण्य तयार झालं.

नदीचं अभयारण्य आणि जंगलाचं अभयारण्य यांत मोठा फरक आहे. जंगलाला चार सीमा घालता येतात. चंबळचं अभयारण्य म्हणजे पात्र आणि दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, आणि तिच्या मध्यातून राज्यांची सीमा जाते. मुरैनाच्या काठावर घरटं करणारी मादी धोलपूरच्या काठावर ऊन खाते. तिची दखल तीन वनखात्यांना घ्यावी लागते, आणि तिच्या पाण्याचा निर्णय चौथंच कुणी, शेकडो किलोमीटर वर, धरणाच्या दारांपाशी घेतं.

आता घडियालाकडे जरा जवळून पाहू, कारण या प्राण्याची घडणच सगळा प्रश्न समजावून सांगते. पूर्ण वाढलेला नर पाच मीटरच्या पुढे जातो. जबडा लांब, अरुंद, शंभरावर बारीक दातांचा. पाण्यात बाजूला झटकन फिरवून मासा पकडायला याहून चांगलं हत्यार नाही, आणि मोठं जनावर धरायला ते काहीच कामाचं नाही. माणसाला घडियालापासून धोका नसतो तो यामुळे. पाय दुबळे. मगर पोट उचलून जमिनीवर चालते, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते. मोठा घडियाल ते करू शकत नाही. वाळूवर तो पोटाने सरपटत पुढे जातो, तेही पाण्यापासून फार दूर नाही. म्हणजे नदी आटली तर मगरीला पर्याय आहे, घडियालाला नाही.

नर दहा-बारा वर्षांचा झाला की त्याच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येऊ लागतो. त्यातून तो फूत्कारासारखा आवाज काढतो, आणि विणीच्या काळात पाण्याखालीही त्याचा स्फोटक ठोका ऐकू येतो. एका नराच्या भोवती अनेक माद्या असतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला माद्या खोल डोहाच्या वरच्या उतरत्या वाळूत खड्डे करून अंडी घालतात, एका घरट्यात साधारण तीस ते पन्नास. बऱ्याच माद्या एकाच जागी घरटी करतात, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात. जागा निवडताना वाळूची जाडी, तिचा ओलसरपणा, पाण्यापासूनची उंची आणि खाली खोल पाणी, हे सगळं जुळावं लागतं. अशा जागा नदीभर पसरलेल्या नसतात.

दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं वाळूखालून ओरडू लागतात. आई तो आवाज ऐकून खड्डा उकरते. मगरीसारखं पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेणं घडियालाच्या जबड्याला जमत नाही. पिल्लं आपली आपण उतरतात आणि अनेक घरट्यांतली शेकडो पिल्लं एकाच उथळ काठाशी जमतात. त्यांच्यावर माद्या लक्ष ठेवतात आणि बऱ्याचदा एक मोठा नरही. पाण्याबाहेर फक्त त्याचं डोकं आणि पाठीचा कणा, आणि त्यावर चढून बसलेली इवली पिल्लं, एकावर एक. ही छायाचित्रं आता जगभर पाहिली गेली आहेत. मग पूर येतो. बहुतेक पिल्लं त्यात वाहून जातात आणि मरतात. वाचतात ती खाली दूरवर जातात आणि काही वर्षांनी, वाट मोकळी असेल तर, परत वर येतात. म्हणून घडियालाला नदीचा लांब, सलग तुकडा लागतो. एखादा सुंदर डोह राखून त्याचं काम भागत नाही.

पिल्लांचं हे पुरातलं मरण पाहूनच १९७० च्या दशकात ठरलं, की अंडी गोळा करून केंद्रात उबवायची, पिल्लं सुमारे सव्वा मीटरची होईपर्यंत सांभाळायची आणि मग हिवाळ्यात नदीत सोडायची. हा उपाय चुकीचा नव्हता. दोनशेच्या आतून १९९७-९८ मध्ये चंबळमध्ये बाराशेच्या वर घडियाल मोजले गेले. पण त्या यशाने सगळ्यांना निर्धास्त केलं. केंद्र सरकारने १९९१ मध्येच या कामाचा निधी थांबवला होता. १९९९ ते २००३ या वर्षांत नदीवर नीट मोजणीही झाली नाही. पुन्हा मोजायला गेले तेव्हा आकडे घसरलेले होते, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने घडियालाला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये यमुनेजवळच्या खालच्या चंबळमध्ये मेलेले घडियाल तरंगू लागले. मार्च २००८ पर्यंत शंभराहून अधिक. मोठे, सशक्त, वाढलेले प्राणी. शवविच्छेदनात सांध्यांत आणि अवयवांवर युरिक आम्लाचे थर आढळले. मूत्रपिंडं निकामी होऊन गाउट झाला होता. देशापरदेशांतले पशुवैद्य आले. यमुनेतून आलेल्या माशांमधून विष पोटात गेलं असावं, असा संशय बळावला. ठोस कारण शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. माझ्या मते चंबळच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि तोच सर्वांत लवकर विसरला गेला. चंबळ स्वतः कितीही स्वच्छ असली तरी ती यमुनेला मिळते, मासे दोन्हीकडे फिरतात आणि घडियालही. अभयारण्याची हद्द माशाला कळत नाही.

या मृत्यूंनंतर संशोधन गंभीरपणे सुरू झालं. घडियालांच्या अंगावर रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा कळलं की मोठे घडियाल वर्षभरात शेकडो किलोमीटर हिंडतात. पावसाळ्यात उपनद्यांत शिरतात, पाणी उतरलं की परततात. अलीकडच्या काळात पार्वती नदीतही त्यांची घरटी सापडली आहेत. म्हणजे अभयारण्याच्या रेषेत न आलेली उपनदीसुद्धा घडियालाच्या जगण्याचा भाग आहे. संख्या सावरली. दर हिवाळ्यात होणाऱ्या मोजणीत अलीकडची काही वर्षं दोन हजारांच्या वर घडियाल नोंदले जातात. त्याचं श्रेय कशाला द्यायचं, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत. केंद्रात वाढवलेली पिल्लं सोडली म्हणून, असं वनखाती म्हणतात. नदीतच झालेली वीण वाढली, घरट्यांना संरक्षण मिळालं म्हणून, असं संशोधकांतले अनेक जण म्हणतात. मला दुसऱ्या बाजूचं पटतं, आणि त्याचं कारण चंबळच्या बाहेर आहे. केन आणि सोन नद्यांतही घडियालांची अभयारण्यं झाली, तिथेही पिल्लं सोडली. पाणी अडलेल्या, वाळू उपसलेल्या त्या नद्यांत वस्ती उभी राहिली नाही. हॅचरीतून पिल्लू मिळतं, नदी मिळत नाही.

कासवांची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांना ना घडियालाचा दरारा, ना डॉल्फिनचं कौतुक. लाल डोक्याचं बटागुर कासव एके काळी गंगेच्या बऱ्याच पट्ट्यात होतं. आज त्याची भरवशाची वस्ती म्हणजे चंबळ. मादी नरापेक्षा कितीतरी मोठी. नराच्या डोक्यावर विणीच्या दिवसांत लालभडक रंग चढतो, मानेवर पट्टे उमटतात, आणि काही आठवड्यांनी तो रंग ओसरतो. ही कासवं वनस्पती खातात आणि घडियालांसारखीच मार्च-एप्रिलमध्ये उंच वाळूवर अंडी घालतात. इटावा-आग्रा भागात काठावरच्या गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांची घरटी कुंपणाच्या आत सांभाळण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. धोक्यातली घरटी हलवतात, पिल्लं निघाली की त्याच ठिकाणी नदीत सोडतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये यांतली वीस कासवं उत्तर प्रदेशात गंगेत नेऊन सोडली गेली. सगळी अंडी एकाच टोपलीत न ठेवण्याची ही सुरुवात आहे, आणि चंबळच्या प्रत्येक दुर्मीळ जातीसाठी असं दुसरं घर शोधलं पाहिजे.

पाणचिऱ्याकडे पाहताना तर वाळू आणि पाणी यांचं नातं डोळ्यांसमोर घडतं. काळा-पांढरा, केशरी चोचीचा हा पक्षी. खालची चोच वरच्यापेक्षा लांब. ती पाण्यात बुडवून तो पृष्ठभागालगत सरळ उडत जातो आणि मासा लागताच चोच मिटतो. उन्हाळ्यात पात्राच्या मधोमध उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर त्याची वसाहत भरते. सोबत नदी सुरय, काळ्या पोटाचे सुरय. घरटं म्हणजे वाळूत केलेला उथळ खळगा, त्यात तीन-चार ठिपकेदार अंडी. मे महिन्याच्या उन्हात ती वाळू इतकी तापते की पक्षी पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतात.

त्या बेटाभोवतीचं पाणी हेच त्याचं संरक्षण. पाणी उतरलं की एका बाजूने वाळूचा पूल तयार होतो. मग गुरं येतात, भटकी कुत्री येतात, कोल्हे येतात, आणि एका रात्रीत वसाहत उद्ध्वस्त होते. उलटही होतं. वरून अचानक पाणी सोडलं की बेट बुडतं. दोन्ही वेळा पक्ष्याने काही चूक केलेली नसते. त्याच्या घरट्याची उंची कुणीतरी दूर बसून, त्याचा विचार न करता, बदललेली असते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या वसाहतींवर स्थानिक तरुणांना राखणदार म्हणून नेमलं, विणीच्या महिन्यांत त्यांनी बेटांवर पहारा दिला आणि त्याचा फरक घरट्यांच्या संख्येत दिसला. अशा कामाला पैसा थोडा लागतो, पण दर वर्षी लागतो. एखाद्या प्रकल्पाची तीन वर्षं संपली म्हणून राखण थांबली तर चौथ्या उन्हाळ्यात कुत्री तिथेच असतात.

डॉल्फिनबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं गेलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नदी-डॉल्फिन मोजणीत एकूण ६,३२७ डॉल्फिन नोंदले गेले. त्यांत राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ९५. नजर जवळजवळ नसलेल्या या प्राण्याला आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढता येते, पण उथळ उतार ओलांडता येत नाहीत. हिवाळा सरता सरता चंबळचे डोह एकमेकांपासून तुटतात आणि डॉल्फिन त्यांत कोंडले जातात. त्या डोहात मासेमारीची जाळी पडली, तर सुटायला जागा नसते.

बीहड आणि नदीची ही पट्टी जमिनीवरच्या प्राण्यांसाठीही वाट आहे. रणथंबोरचा टी-३८ हा वाघ चंबळ ओलांडून कुनोच्या जंगलात गेला आणि जवळपास दशकभर तिथे राहिला. कुनो नदीही चंबळलाच मिळते. २०२२ पासून कुनोत चित्ते आहेत आणि २०२५ पासून गांधीसागरच्या परिसरातही. देशाचे कॅमेरे त्या चित्त्यांवर रोखलेले आहेत. त्याचा काही वाटा नदीलाही मिळाला तर बरं.

आता वाळू. भीमा-गोदावरीच्या काठावर राहणाऱ्या वाचकाला वाळूच्या ट्रॅक्टरबद्दल वेगळं सांगायला नको. चंबळचा प्रश्न फक्त आणखी क्रूर आहे. अभयारण्यात वाळू उपसायला बंदी आहे आणि तरी मुरैना-धोलपूरच्या घाटांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा निघत राहतात. २०१२ च्या मार्चमध्ये मुरैनाजवळ बेकायदा खाणकाम अडवणाऱ्या नरेंद्र कुमार या तरुण आयपीएस अधिकाऱ्याला ट्रॅक्टरखाली चिरडून मारण्यात आलं. त्यानंतरही वनरक्षकांवर हल्ले होतच राहिले. ग्वाल्हेर, आग्रा आणि त्यापलीकडच्या शहरांतली बांधकामं स्वस्त वाळू मागतात, ती मागणी कायदेशीर मार्गाने पुरत नाही, आणि मधल्या साखळीत पैसा इतका आहे की रात्रीच्या गस्तीवरच्या चार रक्षकांकडून तो थोपवण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मध्य प्रदेशने २०२३ मध्ये अभयारण्याचे काही पट्टे कायदेशीर उपशासाठी वगळण्याचा मार्ग धरला. चोरटा उपसा थांबेल, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. नदीची वाळू ही एका जागी साठवलेली खाण नसते. दर पुरात ती खाली सरकते, इथून काढली तर पुढच्या वर्षी खाली दुसरीकडे कमी पडते. आणि घडियाल, कासव, पाणचिरा यांना हवी असते ती जाड, उंच, स्वच्छ वाळू, जी ट्रॅक्टरवाल्यालाही हवी असते.

वाळूपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे, फक्त त्यात गुन्हेगार नसल्यामुळे तो बातमीत येत नाही. चंबळवर गांधीसागर, राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर ही धरणं आहेत आणि त्यांच्या खाली कोटा बॅरेज. बॅरेजपासून निघालेल्या कालव्यांनी राजस्थानातला काही भाग आणि मध्य प्रदेशातले श्योपूर, मुरैना, भिंड हे जिल्हे भिजतात. तिथली मोहरी आणि गहू या पाण्यावर उभे आहेत आणि त्या शेतकऱ्याचा हक्क खरा आहे. पण त्याचा परिणाम असा, की उन्हाळ्यात बॅरेजच्या खालचं पात्र जवळपास कोरडं पडतं. अभयारण्यातली चंबळ पुन्हा नदी होते ती कालीसिंध आणि पार्वती या उपनद्या येऊन मिळाल्यावर. घडियालांचं जग मूळ चंबळच्या पाण्यावर कमी आणि या दोन उपनद्यांच्या पाण्यावर जास्त चालतं.

म्हणून पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पाकडे बारकाईने पाहायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात त्याचा करार झाला. पूर्व राजस्थानातल्या तहानलेल्या जिल्ह्यांना पिण्याचं आणि शेतीचं पाणी देणं हा हेतू आहे, आणि तो कुणी नाकारू नये. पावसाळ्यात वाया जाणारं पाणीच उचलायचं आहे, असं समर्थन केलं जातं. नदीच्या दृष्टीने पावसाळ्यातलं पाणी वाया जात नसतं. पुराचं पाणी वरून वाळू आणतं, जुनी बेटं पुसतं, नवी घालतं, काठांवर उगवलेलं गवत आणि झुडपं उपटून वाळू मोकळी करतं, पिल्लांना खाली पसरवतं, माशांना वर चढवतं. पूर कमी केला तर उन्हाळ्यात पाणी तेवढंच राहिलं तरी पाच-दहा वर्षांत घरट्यांच्या जागा बदलतील.

किती पाणी लागतं, याचा अंदाज आपल्याकडे आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने चंबळवर याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यानुसार घडियालाला किमान दीडशे घनमीटर प्रति सेकंद प्रवाह हवा आणि डॉल्फिनला अडीचशेच्या वर. महाराष्ट्रातल्या वाचकांना धरणाच्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये ऐकायची सवय आहे, तर हे साधारण सव्वापाच हजार आणि नऊ हजारांच्या पुढचे आकडे होतात. पावसाळ्यात हे पाणी कुठल्या कुठे असतं. प्रश्न फेब्रुवारी ते जूनचा आहे, जेव्हा वाळूवर अंडी असतात आणि शेतात पंप चालू असतात.

काठावरच्या माणसांची बाजू या आढाव्यात राहून गेली तर तो अपुरा होईल. अभयारण्य झालं तेव्हा मासेमारी बंद झाली, वाळवंटातल्या कलिंगड-खरबुजाच्या वाड्या बेकायदा झाल्या, नदीतून पाणी उचलणंही. ज्यांच्या पिढ्या नदीवर गेल्या त्यांना पर्यायी काम मिळालं ते थोड्यांनाच, नावाडी, राखणदार, केंद्रातला मजूर म्हणून. मगरींची संख्याही वाढली आहे, आणि मगर गुरांवर, कधी माणसांवर हल्ला करते. घाटावर पाणी भरायला गेलेल्या बाईला मगरीने ओढलं की गावाचा राग सगळ्याच सुसरींवर निघतो, निरुपद्रवी घडियालावरही. बीहड सपाट करून शेती वाढवण्याच्या योजना आल्या. मध्य प्रदेशातून बीहडांमधून द्रुतगती मार्ग आखला गेला, त्यावर वन्यजीवांच्या कारणाने हरकत आली, आखणी शेतजमिनीकडे सरकवली, तर शेतकरी रस्त्यावर आले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दर वेळी नदी आणि शेतकरी यांच्यातच निवड करायला लावणारं नियोजन मुळात आळशी आहे.

करता येण्यासारखी कामं अवघड आहेत, पण अस्पष्ट नाहीत. घरट्यांच्या ठरावीक जागा, त्या थोड्या आहेत आणि माहीत आहेत, तिथे मार्च ते जून कायमची राखण हवी, आणि ती काठावरच्याच लोकांकडून, वर्षाला खंड न पडता. डोहांत जाळी पडू नयेत म्हणून मासेमारांना वेगळी सोय हवी. पार्वती आणि कालीसिंधचे खालचे पट्टे संरक्षणात यायला हवेत. यमुनेच्या पाण्याचा चंबळच्या माशांवर काय परिणाम होतो, हे दर हिवाळ्यात तपासायला हवं, नुसतं प्राणी मेल्यावर नव्हे. आणि तिन्ही राज्यांच्या वनखात्यांना जलसंपदा खात्यांच्या बैठकीत बसायची जागा हवी.

केंद्रीय जल आयोगाची चंबळवर पाली, धोलपूर आणि उदी इथे प्रवाह मोजणारी केंद्रं आहेत. जोडप्रकल्पाच्या प्रत्येक मंजुरीत एक अट घातली पाहिजे, की फेब्रुवारी ते जूनमध्ये या तिन्ही ठिकाणी पाणी किती हवं ते आधी लिहून ठेवायचं, रोज मोजायचं आणि त्या आकड्याच्या खाली प्रवाह गेला की वरचा उपसा थांबवायचा. हा आकडा सार्वजनिक असला पाहिजे, म्हणजे धोलपूरचा शेतकरी, पिनाहटचा नावाडी आणि मुंबईतला पक्षिमित्र यांना तो एकाच दिवशी पाहता येईल. प्रकल्पाच्या कागदपत्रांत अजून हा रकाना भरायला वेळ आहे.